पाचवीच्या पटावरची नावे

दिवाळी उलटली, भात झोडून झाले, की रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. शेठकडून घेतलेली उचल फेडायची असते. माणसे पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, कुणी पनवेलकडे, कुणी कल्याण-भिवंडीकडे. वाडीत उरतात म्हातारी माणसे. पावसाच्या तोंडावर सगळे परत येतात. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतल्या मुलांची निवड परीक्षा मात्र होते डिसेंबर-जानेवारीत.

नवोदयबद्दल मला मनापासून आदर आहे. १९८५-८६मध्ये देशातली पहिली दोन विद्यालये निघाली, एक हरियाणात झज्जरला, दुसरे आपल्या अमरावतीत. खेड्यातल्या हुशार मुलाला सहावी ते बारावी चांगले शिक्षण मिळावे, राहण्या-जेवणाचा भार आईबापावर पडू नये, हा त्यामागचा विचार मोठाच होता. रायगडचे विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. तालुके १५, सहावीच्या जागा ८०. त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण आहेच. परीक्षा दोन तासांची, मराठीतही देता येते.

एवढी काळजी घेऊनही वाडीवरचे मूल दारापर्यंत पोचत नाही, कारण त्याची अडचण पेपरच्या आधीच सुरू होते. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यावर मुख्याध्यापकांची सही, रहिवासाचा दाखला, आधार. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली हवीत, आणि पाचवी विद्यालय ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात. भिवंडीची भट्टी ठाणे जिल्ह्यात येते. तिथल्या शाळेत कुणी कळवळ्याने नाव घातले, तर रायगडचा हक्क जातो. नाही घातले, तर वर्ष बुडते. शिवाय ही परीक्षा एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, असे म्हणायची सोय नाही.

आणि ‘ग्रामीण’ म्हणजे तरी कोण? महामार्गालगतच्या सधन गावातला, संध्याकाळी क्लासला जाणारा मुलगा ग्रामीण, आणि कोथळीगडाच्या पायथ्याच्या वाडीतली मुलगीही ग्रामीण. पेपरातले निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे. आकृत्या ओळखायच्या, तेव्हा भाषेचा अडसर नाही, असे आपण समजतो. पण वर्षभर सराव पुस्तके सोडवलेल्या मुलाला त्या आकृत्या ओळखीच्या असतात. वाडीतली मुलगी त्या पहिल्यांदा बघते ती परीक्षेच्या हॉलमध्ये, घड्याळ चालू असताना.

कशेळेच्या पुढच्या एका वाडीत पाचवीतल्या मुलीशी बोलत बसलो होतो. भट्टीवर मजुरी हजार विटांवर ठरते. दिवसाला किती विटा पडल्या, त्यातल्या फुटल्या किती, खर्ची वजा जाता उचल किती आठवड्यांत फिटेल, हे ती बोटांवर, न अडखळता सांगत होती. हिशेबात शेठ कुठे गडबड करतो, तेही तिला ठाऊक होते. तिच्या वहीत मात्र भागाकाराची पाने कोरी होती, कारण भागाकार शिकवला तेव्हा ती भट्टीवर होती. ही मुलगी बुद्धीने कमी आहे असे मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही.

अशी मुले नजरेतून कशी सुटतात, हे दुसरीकडेही दिसले आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत पूर्वी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्याच मुलांची प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी तपासणी होई. २००५ साली त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना सरसकट चाचणी दिली. गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या त्या वर्गांत ठळकपणे वाढली. बुद्ध्यांकाची अट कुणी खाली आणली नव्हती. ही मुले आधीपासून होतीच, फक्त त्यांची नावे कुणी सुचवली नव्हती. पुढे पैशाची टंचाई आली, सरसकट चाचणी थांबली, आणि ती वाढही ओसरली.

आपल्याकडे याहून सोपे काम आहे. गेल्या काही वर्षांत नवोदयचे अर्ज पावसाळ्यात भरले जात आहेत, आणि पावसाळ्यात कातकरी मुले गावात असतात. म्हणजे दार उघडते तेव्हा ती घरी असतात, आत घ्यायची वेळ येते तेव्हा दूर. परीक्षाही पावसाळा संपता संपता, स्थलांतराच्या आधी घेता येईल. तोवर भट्टीवरून केंद्रापर्यंत आणण्या-नेण्याचा खर्च शासनाने उचलावा. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भट्टीवरच्या मुलापर्यंत पोचता येते, हे तेव्हाच दिसले आहे.

८० जागांनी सगळ्यांचे भले होणार नाही, हे उघड आहे. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा नीट चालणे हेच खरे मोठे काम, आणि त्याला नवोदय हा पर्याय नव्हे. तरीही त्या ८०मध्ये बसायचा हक्क ज्यांचा सर्वांत आधी आहे, त्यांनाच आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो आहोत. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला नवा कायदा लागत नाही.

कर्जत-खालापूरच्या गुरुजींना, बाईंना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: येत्या पावसाळ्यात अर्ज कोण मागतो याची वाट पाहू नका. पाचवीच्या पटावर जितकी नावे नियमात बसतील, तितके अर्ज शाळेनेच भरा.