उद्याचा बाजार

आप्पा कापडाचे गठ्ठे कॅरियरला बांधून आठवडे बाजार करायचे. आज एरंडोल, उद्या धरणगाव, परवा पारोळा. दांडीची काळी सायकल. आदल्या रात्री चेनला तेल, अंगठ्याने दाबून टायरमधली हवा, दोन्ही अंगांना सारखं वजन. निघायचं पहाटेच, कारण उन्हाळ्यात ऊन चढलं की तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा सुटतो आणि जळगावहून धुळ्याकडे निघालेल्याच्या थेट छातीवर येतो. दोघं-तिघं फेरीवाले मग एकामागे एक चालवत. चढ आला की आप्पा सरळ उतरून चालू लागत. मला त्याची लाज वाटायची. ते म्हणत, “मग उद्याचा बाजार कोण करील?”

धुळ्याला कॉलेजात गेल्यावर मी नेमकं उलटं केलं. आग्रा रोडवरचा लळिंग घाट, वर किल्ला, बाजूने धूर सोडणारे ट्रक. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब आमच्या डोक्यात पक्का बसलेला. पाय न टेकता वर पोचेल तो राजा. दुसऱ्या दिवशी राजाला जिना चढवत नसे, पण ते कोण विचारतो!

आप्पांचा तो उद्याचा हिशेब खरा कळतो लांबच्या शर्यतीत. २०१८ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजारांहून जास्त किलोमीटर सायकलवर गेले, १५ टप्प्यांच्या शर्यतीत. आदल्याच वर्षी त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली होती. तिथे घड्याळ थांबतच नाही. झोपलात तरी वेळ मोजला जातो. टप्प्यांच्या शर्यतीत मधली विश्रांती आपली असते, आणि डाव तिथेच असतो. किती लवकर अन्न पोटात गेलं, किती झोप झाली, मदतीच्या गाडीतल्यांपैकी कोण जागं राहणार, पहिला टप्पा किती हात राखून चालवायचा. बातम्यांत मात्र किलोमीटरच तेवढे येतात. जेवणाबद्दल कोणी विचारत नाही, आणि आम्हा केळीच्या मुलखातल्या माणसांना तर तोच प्रश्न आधी सुचायला हवा. लांब शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यातून जेमतेम २५-२७ मिळतात. एवढं चालत्या सायकलवर पचवायची पोटालाही महिनोन्महिने सवय लावावी लागते. शेवभाजीचा रस्सा अर्थातच शर्यत संपल्यावर.

माझी भाची आता अशाच एका टप्प्यांच्या शर्यतीची तयारी करते आहे. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करायचा, ताकद भरून येऊ द्यायची, असं तिच्या प्रशिक्षकांनी बजावलंय, आणि त्यामुळे ती घरभर चिडचिड करत फिरते. परवा तिने आप्पांपुढे मार्गाचा नकाशा उघडला. त्यांनी चढ कुठे आहे ते विचारलं. तिसऱ्या दिवशी.

“मग दोन दिवस कोणाच्या तरी पाठीमागे चाल.”

“तसंच करतात, आप्पा. मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. पुढचा मिनिटा-मिनिटाला बदलतो.”

“मिनिटाला?” आप्पांना ते मुळीच पटलं नाही. “आम्ही गाव आलं की बदलायचो. आणि धरणगावचा एक शिंपी होता, तो कधीच पुढे यायचा नाही. असा तुमच्यात कोण आहे, ते आधी बघून ठेव.”