पैशाची खिडकी

आमची कन्या लंडनांत व चिरंजीव अमेरिकेंत. दोघांनाही भेटून यावें म्हणून २०१८ च्या अखेरीस आम्ही सपत्नीक निघालों. लंडनांत आठवडा होतो न होतो तोंच सौभाग्यवती जिन्यावरून घसरल्या व त्यांचें मनगट मोडलें. सरकारी रुग्णालयांत पोंचतांच आम्ही शोधूं लागलों ती पैसे भरावयाची खिडकी. जन्मभराची संवय! आधीं अनामत, मग उपचार, हा क्रम आमच्या अंगवळणीं पडलेला. कन्या म्हणाली, "बाबा, येथें तसली खिडकीच नाहीं." पाकिटावरचा हात काढून घेतांना आम्हांस उगीचच लाज वाटली.

वाचकांनीं हें स्तुतिस्तोत्र समजूं नये. त्या बाकावर आम्ही सात तास बसून होतों. चार तासांत रोग्याची वाट लागावी (चांगल्या अर्थानें!) असा तेथला दंडक, पण तो कागदावरच राहिलेला. आमच्या मागून आलेला एक मळकट गृहस्थ आधीं आंत गेला तेव्हां आम्हांस रागच आला. त्याच्या छातींत कळ येत होती, हें मागाहून कळलें. अखेर मनगट प्लास्टरांत बसलें आणि बिल आलें नाहीं. रुग्णालयांत राहावें लागतें, तर आम्हां परक्यांस मात्र आकार पडता.

ही व्यवस्था ५ जुलै १९४८ रोजीं, बेव्हन आरोग्यमंत्री असतां, सुरू झाली. १९५१ मध्यें कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचें ठरतांच त्यांनीं मंत्रिपद सोडलें. तिला फुकट म्हणणेंही चूकच. आजारी पडण्यापूर्वींच सर्वांनीं मिळून करांच्या रूपानें भरलेलें तें बिल आहे.

जानेवारींत आम्ही चिरंजिवांकडे गेलों. एका रात्रीं त्यांच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. नोकरीबरोबर मिळालेला विमा होता. तरी "सकाळपर्यंत पाहूं" म्हणत ते कुशीवर वळले. दर वर्षीं आरंभींचा ठराविक रकमेपर्यंतचा खर्च स्वतःच सोसावयाचा, विमा त्यापुढें, आणि वर्ष तर नुकतेंच उजाडलेलें! जिवावर बेतलेल्या रोग्यास, पैसे असोत नसोत, सांवरलेंच पाहिजे असा कायदा तेथें १९८६ पासून आहे. पण कायद्यानें बिल थोडेंच थांबतें? पहाटे नेलें तेव्हां आंत्रपुच्छ फुटण्याच्या बेतांत होतें. पुढें मात्र दोन तासांत शस्त्रक्रिया झाली, आणि तीही अशी सफाईदार कीं लंडनच्या बाकाची आम्हांस आठवण व्हावी.

वेळ दोन्हीकडे गेलाच. तेथें तो रांगेनें घेतला, येथें मुलानें अंथरुणांत हिशेब करीत घालविला. रांगेला निदान दुखण्याचें तारतम्य होतें. आमचें मत विचाराल, तर आम्ही बाक पत्करूं.

आम्ही परत निघालों त्या दिवशीं टपालानें आणखी एक पाकीट आलें. भूल देणाऱ्या डॉक्टरांचें बिल निराळें होतें. सूनबाईंनीं तें न उघडतांच चळतीवर ठेवलें आणि आमच्या बॅगा मोजूं लागल्या.