शेजाऱ्याचा सूर

गाणें म्हटलें कीं आमच्या घरीं आधीं पेटी उघडली जाई. नगरच्या उपासनामंदिरांत रविवारीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें होत, तेव्हांही पेटी, तबला व झांजा यांच्या साथीवांचून कोणी तोंड उघडीत नसे. आमचा गळा बरा होता. निदान आमच्या मातोश्रींस व शेजारच्या मावशींस तसें वाटे. आम्ही गाऊं लागलों कीं पुढच्या बाकावरील चार जणांनीं मागें वळून पाहावें, याची आम्हांस लहानपणापासूनच गोडी लागली होती. ती गोडी कशी सुटली, तेंच शाळेच्या या वार्षिकांत सांगावयाचें योजिलें आहे.

उच्च शिक्षणासाठीं आम्ही अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत एका ल्युथरन महाविद्यालयांत दाखल झालों. त्या मुलखांत नॉर्वेहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती झाली. त्यांच्यांतील धर्मगुरु व शेतकरी यांनीं १८७४ सालीं नॉर्थफील्ड गांवीं सेंट ओलाफ नांवाची शाळा काढली व पुढें तिचें महाविद्यालय झालें. १९०३ सालीं एफ. मेलियस क्रिश्चनसेन तेथें संगीत शिकवूं लागले. त्यांचा जन्म १८७१ सालीं नॉर्वेंत झाला होता व मूळचे ते व्हायोलिनवादक. परंतु १९१२ सालीं त्यांनीं विद्यार्थ्यांचा जो गायकवृंद उभा केला, त्याची कीर्ति झाली ती वाद्यावांचून गाण्याबद्दल. दुसऱ्याच वर्षीं तो वृंद नॉर्वेस जाऊन गाऊन आला, आणि पुढें त्याचा कित्ता गिरवून ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत असे वृंद निघाले. आमच्या महाविद्यालयाचा वृंद त्यांपैकींच एक.

गाण्याच्या या रीतीस 'आ कापेल्ला' म्हणतात. मूळ इटालियन शब्दांचा अर्थ 'उपासनामंदिराच्या रीतीनें' असा आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर व बास अशा चार पंक्ति उभ्या राहतात. प्रत्येकीचे स्वर निराळे, शब्द बहुधा एकच. समोर संगीताचे अध्यापक. ते एका लहानशा स्वरनळींतून एक सूर हळूच देतात व ती खिशांत घालतात. त्यानंतर गीत संपेपर्यंत दुसरा आधार नाहीं. आम्ही सारें पाठ करून गात असूं, त्यामुळें हातीं कागदही नसे.

पहिल्याच तालमींत अध्यापक आम्हांस म्हणाले, “तुमचा आवाज मला निराळा ऐकूं येतो.” आम्ही मनांत फुललों. ते शांतपणें पुढें म्हणाले, “तो तसा ऐकूं येऊं नये.”

मग शिकवणी सुरू झाली. शेजाऱ्याचा आवाज ऐकूं येईल इतक्याच बेतानें गावयाचें. त्याच्या 'आ' सारखा आपला 'आ' करावयाचा. त्याचा श्वास संपत आला कीं आपला राखावयाचा, म्हणजे ओळ तुटत नाहीं. सर्वांत अवघड काम गांधाराचें. पियानोचा किंवा पेटीचा गांधार खऱ्या गांधारापेक्षां किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले, तर सुमारें १४ भागांनीं. वाद्य नसेल तेव्हां तो तेवढा उतरवितां येतो, आणि तो नेमका बसला कीं मंदिराच्या छतापाशीं कोणीच न गाइलेला एक वरचा सूर घुमूं लागतो. सुरांत जुळलेल्या तंबोऱ्यांतून ज्यांनीं स्वयंभू गांधार ऐकला आहे, त्यांस या चमत्काराची ओळख आहे. पुष्कळ गीतांत हा गांधार आम्हां टेनरांच्या वांट्यास येई. आम्हांस तो साधला, आणि साधल्याचा अभिमानही झाला.

इस्टरपूर्वीं वृंदाचा दौरा निघे. त्या वर्षीं एका लहान गांवच्या मंदिरांत, बाहेर बर्फ पडत असतां, आम्ही गात होतों. आपला गांधार सर्वांस कळावा म्हणून आम्हीं तो जरा जोरानें लाविला, आणि हवा त्याहून अधिक उतरविला. दोहों बाजूंचे टेनर आमच्याकडे झुकले, त्यांच्या मागोमाग आल्टो, मग सारेच. पांढरी दोनमध्यें सुरू झालेलें गीत काळी एकवर येऊन टेकलें. शेवटच्या खालच्या स्वरापर्यंत बासांचा गळा पोहोंचेना. तेथें सूर नव्हता, नुसता श्वास होता. श्रोते प्रसन्न मुद्रेनें टाळ्या वाजवीत होते. अध्यापकांनीं मात्र स्वरनळी हळूच फुंकून पाहिली व मान खालीं घातली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं विचारिलें, “काल पहिल्यानें कोण उतरलें?” आम्हांस उत्तर ठाऊक होतें. जीभ मात्र उचलेना. इतक्यांत आमच्या डाव्या हातास उभा राहणारा, एका शेतकऱ्याचा मुलगा, म्हणाला, “मी असेन.” अध्यापकांनीं मान हालविली व तालीम पुढें चालू झाली.

तो दिवस आम्हांस फार जड गेला. संध्याकाळीं आम्हीं त्यास गांठून सांगितलें, “चूक माझी होती.” तो म्हणाला, “मला ठाऊक आहे. मी तुझ्या शेजारींच होतों.” मग तूं कां खालीं आलास, असें विचारतां तो म्हणाला, “मी एकटा वर राहिलों असतों, तर मी बरोबर ठरलों असतों आणि गाणें फाटलें असतें.”

हें बोलणें आम्हांस अद्याप विसरतां येत नाहीं. साथीस वाद्य असतें तर आमची चूक जेथल्या तेथें उघडी पडली असती, आणि ती आमचीच राहिली असती. येथें ती साऱ्या वृंदानें उचलली, आणि एकानें तर आपल्या नांवावर घेतली. रात्रभर नीट झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तालमीच्या आरंभीं आम्हीं सर्वांसमोर खरें तें सांगितलें. गुडघे कांपत होते. अध्यापक एवढेंच म्हणाले, “बरें. पुन्हां पहिल्यापासून.” त्या सकाळींही गीत थोडें उतरलेंच, परंतु आमच्या चुकीनें कोठें उतरलें, तें आम्हीं गातां गातांच हात वर करून कळविलें. पाहतों तों पलीकडे आल्टोंच्या पंक्तींतही एक हात वर झाला होता.

आतां आम्ही परत नगरास आहों. पेटीशीं आमचें वैर नाहीं; टिळकांचीं भजनें तिच्यावांचून सुनीं वाटतील. तथापि वर्षांतून एखाद्या रविवारीं एक कडवें पेटी मिटून गावें, अशी विनंती आम्ही करितों. आरंभीं सारे गोंधळतात. मग पुढच्या बाकावरील आजोबांचा, इतकीं वर्षें पेटीखालीं झांकलेला, कांपरा आवाज ऐकूं येतो आणि मंडळी नकळत त्याच्या सुराशीं येऊन मिळते.

विद्यार्थी मित्रहो, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं एक दिवस हा प्रयोग करून पाहा. सूर उतरला आणि कोणामुळें उतरला असें कोणीं विचारिलें, तर हात वर करण्यास लाजूं नका. आमच्या अध्यापकांप्रमाणें तुमचे गुरुजीही बहुधा एवढेंच म्हणतील, “पुन्हां पहिल्यापासून.”