‘मी शे ना!’

आमच्या डाव्या दंडावर देवी टोचल्याचा वण अद्याप आहे. आमच्या लहानपणीं पारोळ्यास, किल्ल्याजवळच्या गल्लींत, देवी काढणारा आला म्हणजे मुलें माळ्यावर दडून बसत. आम्हांसही तेथूनच खालीं आणलें होतें. टोचणीची वेदना आतां आठवत नाहीं. आठवते ती मांडीवर घट्ट धरून बसलेली आजी आणि तिचे अहिराणी शब्द, ‘मी शे ना!’ मी आहें ना!

ते शब्द पुनः आठवावयास २०२१ साल उजाडावें लागलें. त्या मार्चपासून साठीपुढील सर्वांस कोरोनाची लस मिळूं लागली. आमच्या आत्याबाई पारोळ्याच्या जुन्या घरांत एकट्याच होत्या. आम्हीं पुण्याहून फोनवर त्यांस लशीचें महत्त्व पटवून दिलें आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानिलें. ‘घेईन रे टोचून, पण बरोबर कोण येईल?’ हा त्यांचा प्रश्न आम्हांस बहाणा वाटला. अखेर शेजारची सून त्यांस घेऊन गेली. रात्रीं ताप आला तेव्हां उशाशींही तीच बसली.

तो बहाणा नव्हता, हें आम्हांस पुढें वाचनांतून उमगलें. अमेरिकेंत ओहायो येथें ग्लेझर दांपत्यानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४८ वैद्यकीय विद्यार्थ्यांस ऐन परीक्षेच्या दिवसांत ‘बी’ प्रकारच्या काविळीवरील लस टोचून पाहिली. १९९२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्याच टोचणीनंतर ज्या १२ जणांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें दिसलीं, ते इतरांहून कमी धास्तावलेले होते; आणि ज्यांस आप्तमित्रांचा आधार अधिक, त्यांच्या शरीरानें तिसऱ्या टोचणीस अधिक जोमानें साथ दिली. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षें शुश्रूषा करणाऱ्या ३२ जणांत फ्ल्यूच्या लशीचा परिणाम त्यांच्या बरोबरीच्या माणसांहून उणा दिसला, हें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. दीर्घ चिंतेनें शरीरांतील कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा तोल ढळतो, आणि रोगाशीं झुंजणाऱ्या पेशी मंदावतात.

यावरून एकट्या माणसास लस व्यर्थ, असें कोणीं समजूं नये. एकट्यासही ती तारतेच. आणि चिंताग्रस्तास ‘चिंता सोड’ म्हणून बजावणें म्हणजे त्याच्या ओझ्यावर आणखी एक ओझें ठेवणें होय. चिंता कोणी हौसेनें करीत नाहीं. दोष असलाच तर तो दूर बसून उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्यांचा.

आत्याबाईंचें रक्त कोणीं तपासलें नाहीं; तेव्हां त्यांच्या शरीरानें काय केलें तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु २०२२ सालीं तिसऱ्या मात्रेची वेळ आली तेव्हां आम्ही स्वतः पारोळ्यास गेलों. निघतांना मोठ्या उमाळ्यानें त्यांचा हात धरिला. आत्याबाईंनीं आमच्याकडे पाहिलें, मायेनें हंसल्या, आणि म्हणाल्या, ‘तूं आलास, बरें झालें. पण शेजारीं तिलाही हांक मार.’