मूळ रूपातली गाडी

१९७० साली पुण्यात नोंदली गेलेली आमची फियाट अकराशे डिलाइट सध्या नोएडात, आमच्या इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळावर, आसांखाली लाकडी ठोकळे घेऊन उभी आहे. आणि तिला कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली त्या रूपात परत न्यावे, की आजच्या रस्त्यांना व आजच्या वेगाला पुरे पडेल असे नवे यंत्र तिच्या अंगात बसवून तिला पुन्हा कामाला लावावे, हा प्रश्न आमच्या घरात गेले काही महिने ज्या गांभीर्याने चर्चिला जात आहे, त्या गांभीर्याने चर्चिले गेलेले प्रश्न आमच्या कुटुंबाच्या इतिहासात फार थोडे असतील.

आमचे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात अभियंता होते. खाजगी मोटार ही बाब त्या काळी ऐपतीइतकीच धीराचीही असे. अनामत रक्कम भरून नाव नोंदवायचे, पावती कपाटात जपून ठेवायची आणि आपला क्रमांक वर सरकण्याची वर्षानुवर्षे वाट पाहायची. त्या प्रतीक्षेत अण्णांनी गाडीविषयी इतके वाचून ठेवले होते की प्रत्यक्ष गाडी दारात आली तेव्हा, आई सांगत असे, त्यांनी प्रथम बॉनेट उघडले आणि मग दार.

ही गाडी कुर्ल्याची, हे ते अभिमानाने सांगत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली तेव्हा करारमदार अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झाला होता, आणि कुर्ल्यातून प्रथम बाहेर पडल्या त्या डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या पैस देहाच्या गाड्या. फियाटशी सोयरीक जुळली ती पुढे, पन्नासच्या दशकात. मग आली ती अकराशे, जिला मराठी माणसाने तिच्या गोलसर पुष्ट आकारामुळे 'डुक्कर फियाट' म्हणून घरात घेतले; १९६४ मध्ये आली डिलाइट; आणि हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या राजपूत राणीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, आवाजात किंचित खर्ज असलेले ते इंजिन शेवटपर्यंत तिच्या वंशात राहिले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमाप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली, ते वृत्त मी नोएडात बसून वाचले आणि तो दिवस मला जड गेला.

माझ्या पिढीचे मोटार चालवणे या गाडीच्या हँड गिअरवर घडले. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर डोळ्यांनी शिकता येत नसे; तळहाताने आपल्याकडे ओढून, खाली-वर नेत, कोणत्या बिंदूला दाते बिनतक्रार मिळतात हे हातालाच कळावे लागे. बोरघाटात इंजिन तापले की अण्णा गाडी कडेला घेत, बॉनेट उघडून स्वस्थ उभे राहत, रेडिएटरचे झाकण फडक्याने धरून अर्ध्याच वळणावर थांबवत आणि वाफेचा जोर ओसरल्यावर डब्यातले पाणी थेंबाथेंबाने सोडत. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणे टाकल्यावाचून त्यांनी घाट कधी उतरला नाही. वैशाखात आईला उकाडा सोसत नसे, म्हणून त्यांनी डॅशबोर्डाच्या पत्र्याला डाव्या अंगास दोन भोके पाडून तेथे एक लहानसा पंखा बसवला. पुढे कधीतरी डायनामो काढून अल्टरनेटर घातला, कारण रात्रीच्या प्रवासात दिवे मंदावतात हे त्यांना पटत नसे. ही सारी कामे, तारखेसह, किमतीसह आणि कारणासह, एका जाड पुठ्ठ्याच्या नोंदवहीत त्यांनी सरकारी दप्तरात शोभेल अशा नेटकेपणाने उतरवून ठेवली आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरीनिमित्त नोएडात आलो. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात कागदावर जन्मलेले हे गाव तेव्हा अजून शेतांच्या मधूनमधून सेक्टरांचे आकडे पेरल्यासारखे दिसे, आणि गावाला जुने म्हणावे असे काही नसल्यामुळे येथे राहणाऱ्याच्या मनात स्मृतींची जागा नेहमी दुसऱ्या कोणत्या तरी गावी असे. आमची पुण्याला होती. अण्णा गेल्यावर गाडी बंगल्याच्या पडवीत राहिली. मग बंगला पुनर्विकासाला गेला आणि ट्रेलरवर दोरखंडांनी आवळलेली फियाट, तिचे नोंदणीपुस्तक, ती नोंदवही आणि सुट्या भागांची एक पत्र्याची पेटी, असा सारा ऐवज माझ्या हवाली झाला.

येथे आणल्यावर प्रथम गाठ पडली ती कायद्याशी. राष्ट्रीय हरित लवादाचे हुकूम आणि २०१८ च्या ऑक्टोबरातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे दिल्ली राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांपलीकडच्या पेट्रोल गाडीला आणि दहा वर्षांपलीकडच्या डिझेल गाडीला रस्ता बंद झाला. त्यानंतर त्या आदेशांत सौम्य-कठोर असे फेर होत राहिले, तरी पन्नाशी उलटलेल्या गाडीच्या नित्य वापराला त्यांत आधार सापडत नाही. सरकारमान्य पहिले वाहनभंजन केंद्रही येथेच, नोएडात, सेक्टर ८० मध्ये, नितीन गडकरींच्या हस्ते नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, आणि त्या केंद्राचा रस्ता आम्हांला अनेकांनी आपुलकीने दाखवला. पण त्याच वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत आणखी एक तरतूद केली होती. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात सांभाळलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. जुना क्रमांक असल्यास तो राखता येतो. आणि अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी नाही.

माझ्या मते ही तरतूद न्याय्य आहे. नोव्हेंबरातली नोएडाची हवा ज्याने छातीत घेतली आहे, सकाळी दहा वाजता समोरची इमारत करड्या पडद्याआड गेलेली ज्याने पाहिली आहे, त्याला कार्बोरेटरच्या गाडीसाठी रोजच्या रस्त्याचा हक्क मागणे शोभत नाही. तो हक्क मला नको आहे. पण त्यामुळे प्रश्न मिटला नाही, तो अधिक टोकदार झाला.

कारण सल्ले दोन्ही बाजूंनी आले, आणि दोन्हींत तथ्य होते. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात ज्यांची हयात गेली ते एक वयोवृद्ध मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बाबूजी, वन वन एट एन-ई चं निस्सान इंजिन घालू, पाच गिअरचा बॉक्स घालू, पुढे डिस्क ब्रेक. बॉडी हीच राहील. आग्र्यापर्यंत झोप लागेल गाडीत." ते प्रीमियरच्याच पुढच्या गाडीचे इंजिन, फियाटवाल्यांत ही अदलाबदल वर्षानुवर्षे रूढ आहे आणि गाडी तिने खरोखरच सुधारते. माझ्या मुलाचे म्हणणे याहून पुढचे होते: "बाबा, विजेवर करू. धूर नाही, आवाज नाही." त्याच्या बाजूने हवेचा युक्तिवाद होता, आणि तो मला शेवटपर्यंत खोडता आला नाही; मात्र मोटारीच्या मूळ तपशिलात मालकाला मनास येईल तसा बदल करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत दिलेला आहे, आणि विजेवर केलेल्या गाडीला व्हिंटेजचे दार बंद, हेही उघड आहे.

हाच वाद अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर चालतो. १९६४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे डिलाइट आली त्याच साली, पाँटिअॅक कंपनीने मध्यम अंगलटीच्या गाडीत ३८९ घनइंचाचे, सव्वातीनशे अश्वशक्तीचे इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली आणि 'मसल कार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दांडग्या गाड्यांचे युग सुरू झाले. आज तेथे सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक एकमेकांशी जुळला तर गाडीचे मोल वाढते, आणि दुसरीकडे त्याच गाड्यांत आधुनिक इंजिने, आधुनिक ब्रेक घालणारा पंथही तितकाच बलवान आहे. आपल्या चाळीसएक अश्वशक्तीच्या फियाटीचा त्या गाड्यांशी बळात काहीच मेळ नाही. पण मालकाच्या मनातली ओढाताण तीच. गाडी ही चालण्यासाठी असते, आणि जी चालत नाही तिच्यात मूळ काय उरले, असे एक मन म्हणते. जी चालवण्यासाठी तिचे काळीज काढून टाकावे लागले तिच्यात तरी मूळ काय उरले, असे दुसरे.

या संभ्रमात असताना मिस्त्रींनी दाराच्या बिजागरीमागचा, ऊन-पाऊस न लागलेला रंग पाहण्यासाठी पत्र्याचा नखाएवढा भाग बारीक कागदाने घासला. वरती अण्णांनी नव्वदीच्या सुमारास दिलेला साय-रंग. त्याखाली करड्या अस्तराची पातळ रेघ. त्याखाली फिकट निळा, जो मला आठवतो, ज्या रंगात मी गिअर शिकलो. आणि अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, कारखान्याचे तांबूस प्रायमर. ते पाहत असताना माझ्या ध्यानात आले की 'मूळ रूप' हा शब्द आम्ही फार सैलपणे वापरत होतो. कारखान्याचे मूळ शोधायचे तर पंख्याची ती दोन भोके भरून टाकावी लागतील आणि साय-रंग उतरवावा लागेल; म्हणजे जी गाडी कुर्ल्याहून निघाली ती मिळेल, पण जी बोरघाट चढली ती जाईल.

१९६४ च्याच व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संदर्भात सांगून ठेवले आहे की जीर्णोद्धार करणाऱ्याने तर्काची हद्द सुरू होते तेथे थांबावे. पुढे, २०१२ साली, जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तशीच एक सनद सिद्ध केली आणि तिला नाव लाभले तुरीनचे, फियाटच्याच गावाचे. वापराच्या खुणा या वाहनाच्या इतिहासाचाच भाग असतात, आणि केलेला बदल परतवता येण्याजोगा असावा, हा तिचा रोख आहे. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात निजामाच्या रेल्वेकडून आलेला १९१४ सालचा जॉन मॉरिस अग्निशामक बंब आहे. दिल्लीच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत तो स्वतःच्या चाकांवर चालत जाताना पाहिला की मूळपणा आणि चालतेपणा यांचे वैर अटळ नाही, याची खात्री पटते.

म्हणून आम्ही एक दंडक ठरवला आहे, आणि तो मिस्त्रींनाही मान्य झाला: पान्याने बसवता व पान्याने काढता येईल ते करावे, करवतीने कापून किंवा वेल्डिंगने जोडून जे कायमचे होईल ते करू नये, अपवाद एकच, गंजाने खाल्लेल्या तळाच्या पत्र्याचा, आणि तोही त्याच जाडीच्या पत्र्याने, त्याच आकारात. इंजिन तेच, खोलून, रिंगा-बेअरिंगे बदलून. हँड गिअर तोच. ब्रेकच्या नळ्या, रबरे आणि विजेच्या तारा नव्या, कारण तेथे हळवेपणाला जागा नाही. पुढच्या आसनांना पट्टे, मूळ बोल्टांच्या छिद्रांतून. अल्टरनेटर राहील, आणि मूळ डायनामो, जो अण्णांनी कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून पेटीत ठेवला होता, तो पेटीतच राहील. साय-रंग ठेवावा असे माझे मत, निळा परत आणावा असे धाकट्या भावाचे. त्याच्या मताचा मान राखून तो निर्णय अजून स्थगित आहे. पंखा राहील.

मुलाचा विजेचा युक्तिवाद मी फेटाळलेला नाही. रोजच्या वापराला घरात विजेवरची गाडी आली आहे आणि ती तोच चालवतो. फियाट चालेल ती वर्षातून काही थोडे दिवस, मेळाव्यापुरती, कायद्याने दिलेल्या मुभेत. एवढ्यासाठी इतका खर्च का, असे विचारणाऱ्याला मी अण्णांची नोंदवही दाखवतो. एका मध्यमवर्गीय मराठी माणसाने एका यंत्राची तीस वर्षे कोणत्या निष्ठेने देखभाल केली, याचा तो दस्तऐवज आहे, आणि ज्या यंत्राविषयी तो लिहिला गेला ते यंत्र नाहीसे झाले तर त्यातली निम्मी अक्षरे मुकी होतील.

ज्यांच्या घरी, वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी फियाट, अँबेसेडर किंवा जावा फटफटी ताडपत्रीखाली पडून असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की ती विकायची असो, भंगारात द्यायची असो वा दुरुस्त करायची असो, प्रथम तिचे नोंदणीपुस्तक शोधावे, इंजिन व सांगाड्यावरचे क्रमांक उतरवून घ्यावेत, प्रथम नोंदणीची तारीख पाहावी, आणि हे सारे हाती येईपर्यंत मिस्त्रीला करवत उचलू देऊ नये.