बेट की मिशन?

केडगाव स्टेशनावर उतरणाऱ्या परगावच्या माणसाला रिक्षावाला एकच प्रश्न विचारतो, "बेट की मिशन?"

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसावे. हडपसर, लोणी, उरुळी, यवत अशी स्टेशने मागे पडू द्यावी आणि खुटबाव गेले की पिशव्या आवरायला घ्याव्या. दोन्ही अंगांना ऊस उभा असतो आणि वाऱ्यावर मधूनच गुऱ्हाळाचा वास येतो. गाव बाजाराचे. पण लांबून येणारा माणूस बहुधा दोहोंपैकी एका ठिकाणासाठी येतो. एक नारायणमहाराजांचे दत्ताचे बेट आणि दुसरे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. आमच्या हिच्या हातातली हार-नारळाची पिशवी पाहून रिक्षावाल्याने काही न विचारता बेटाची वाट धरलीदेखील होती.

"मिशन," मी म्हटले.

त्याने वळून पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आन् बेट?"

"बेट नंतर," ही म्हणाली. "आधी यांचं काम होऊन जाऊ दे."

माझे काम म्हणजे काय, हे मला स्वतःलाच नीट सांगता आले नसते. चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली. दुसऱ्याच्या चुका शोधणे हा माझा पोटाचा धंदा. पण आमच्या घरातली एक चूक मात्र तशीच छापून गेली होती आणि ती पाहायला मी आता, सत्तरी उलटल्यावर, निघालो होतो.

आमच्या आजोबांना एक धाकटी बहीण होती. आम्ही सारे तिला आत्याआजी म्हणायचो. ती नवव्या वर्षी विधवा झाली. तिचे एक मामा सुधारकी मताचे. त्यांनी भांडून तिला पुण्याला रमाबाईंच्या शारदासदनात ठेवली. तेथे ती दोनेक वर्षे राहिली. मग १८९३ साल उजाडले. सदनातल्या मुली बाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ उठला आणि पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. आमच्या पणजोबांनीही नेली. पुढे तिचे केशवपन झाले आणि उरलेले सारे आयुष्य तिने आमच्या माजघरात, आलवणात काढले. १९६२ साली ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

घरात ही हकीगत मोठ्या अभिमानाने सांगत. "थोडक्यात वाचवली हो पोरीला!" मी ती पन्नास वेळा ऐकली आहे. तिला कशापासून वाचवली, ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे कितीतरी दिवस मनात होते.

मिशनच्या फाटकातून आत शिरलो आणि पहिले लक्ष गेले ते झाडांकडे. जुनी, भरदार, सावली धरलेली झाडे. शाळा सुटली होती. दोन वेण्या घातलेल्या मुली घोळक्याने चालल्या होत्या. पुढे मोठे चर्च. ही चप्पल काढून पायरीवर क्षणभर थांबली आणि देवळात करते तसाच नमस्कार करून मोकळी झाली. तो पाहून आम्हाला हिंडवून दाखवणाऱ्या ताई हसल्या, पण बोलल्या काहीच नाहीत. आम्हाला धर्म शिकवायला येथे कोणी बसले नव्हते. हा दवाखाना, ही शाळा, येथे म्हाताऱ्या बायका राहतात, असे त्या साधेपणाने सांगत होत्या. एखादी सासुरवाशीण माहेर दाखवते ना, अगदी तसे.

ही सारी जमीन बाईंनी पूर्वी फळबागेसाठी घेतली होती. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण, तिघेही सन १८७४ पासूनच्या भुकेच्या दिवसांत डोळ्यांदेखत गेले होते. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. तोच पुण्यात प्लेग. नवी माणसे शहरात ठेवायची सोय नाही. तेव्हा बाईंनी ती सारी मंडळी केडगावच्या या उघड्या माळावर आणली. आधी तंबू, मग झोपड्या, मग दगडी भिंती. पाठोपाठ १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेथूनही मुली आल्या. एक वेळ अशी आली की दोन हजारांच्या आसपास माणसे येथे जेवत होती.

वाचकहो, दोन हजार पाने मांडायची हे काम काय असते, ते ज्याने घरचे एक लग्न निभावले आहे त्याला विचारा! आणि येथे मांडव रोजचाच. शिवाय नुसते जेवू घालून भागत नव्हते. कोणी विणायला बसे, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यात, कोणी छापखान्यात. आंधळ्या मुलींसाठी वेगळे घर होते, त्याचे नाव बर्तिमी सदन. बर्तिमय हा बायबलातला वाटेवरचा आंधळा भिकारी. लोक त्याला गप्प बस म्हणत होते, येशूने त्याला जवळ बोलावले. ती गोष्ट वाचून इतरांनी प्रवचन केले असते. बाईंनी घर बांधले, आणि त्यांच्या मनोरमेने आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले.

मला वाटते, या बाईंचे सारे चरित्र या एका गोष्टीत आले. त्यांचा जन्मच पोथ्यांत झाला. वडिलांनी आईला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. आईबाप गेल्यावर भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघे पुराण सांगत देशभर पायी हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. एवढी शास्त्रे वाचून त्यांच्या मनात एक प्रश्न राहिला : यातले बायकांच्या वाट्याला काय? समाधान करणारे उत्तर मिळाले नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते आपल्याला पटो न पटो, प्रश्न विचारणारीने पोथी वाचलेली होती, एवढे तरी कबूल करावे लागते.

पुढे लग्न झाले, दोन वर्षांत पती गेले, तान्ही मनोरमा पदरात राहिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथल्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमचे एक घर दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तेथे सेवा चालत असे. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना कोणी जवळ घेते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. "हे तुम्ही कशासाठी करता?" असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढून वाचला. भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची ती गोष्ट. आधी कोणीतरी ती जगताना दिसले आणि मग ती कानावर पडली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण म्हणून त्यांनी मान तुकवली असे मात्र नाही. जोगिणींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. बाईंनी हरकत घेतली : ही भाषा माझ्या देशातल्या बायकांना काय कळणार? त्यापेक्षा संस्कृत काय वाईट? पाद्री सांगतात म्हणून नव्हे, शास्त्रात मला स्वतःला दिसेल तेवढेच मी मानीन, असा त्यांचा बाणा. त्यापायी त्यांचे इंग्लंडातल्या गुरुजनांशीही खटके उडाले. पांढरी साडी सुटली नाही, शाकाहार सुटला नाही. आणि बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांनी प्रांजळपणे म्हटले की मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपला नवा धर्मही असा तपासून पाहणारी माणसे थोडी.

आता शारदासदनाविषयी. १८८९ साली मुंबईत सदन निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. तेथे धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले होते. बाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण दार उघडे ठेवीत आणि मुली येऊन बसत. 'उघडे दार' हे आमंत्रणच, असे टीकाकार म्हणत. रानडे-भांडारकरांसारखी माणसेदेखील सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्यांना वचनभंग दिसला, बाईंना दार लावणे लबाडीचे वाटले. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. भांडण मोठ्यांचे झाले, माजघरात मात्र आत्याआजी गेली. त्याच सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच १८९३ सालच्या मार्चात अण्णासाहेब कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि तिचे आयुष्य पालटले. सर्वांचे नशीब तसे नव्हते.

मुद्रिते तपासणारा म्हणून मला सर्वांत मोह होता तो येथल्या छापखान्याच्या कहाणीचा. वयाच्या पंचेचाळिशीनंतर बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मुळातून मराठीत आणायला बसल्या. बायबलचे मराठी भाषांतर तेव्हा होतेच. मग पुन्हा कशाला? तर ते त्यांच्या बायकांना जड जाई. काव्यतीर्थांना लाजवील असे संस्कृत जाणणारी ही बाई, पण मुद्दाम जड संस्कृत शब्द वगळून चुलीपाशी बसणारीला कळेल अशी मराठी लिहू लागली. लॅटिनला संस्कृत सुचवणारी पंडिता शेवटी संस्कृतही सोडून ओवीच्या भाषेवर आली! खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायका मुक्तीतल्याच, एके काळी दुष्काळातून उचलून आणलेल्या. हे काम सोळा-सतरा वर्षे चालले. १९२१ साली मनोरमा गेली. बाईंची प्रकृती ढासळली, तरी मुद्रिते तपासणे चालूच. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे एवढेच त्यांनी देवाकडे मागितले होते, असे सांगतात. सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. मी हयातभर मुद्रिते तपासली ती पगारासाठी. हे ऐकून मी आपला मुकाट्याने चष्मा पुसला.

दुपारी ताईंनी आम्हाला म्हाताऱ्या बायकांच्या ओसरीवर नेले. तेथे एक वृद्ध आंधळ्या बाई मांडीवर ब्रेलचे जाडजूड पुस्तक घेऊन बसल्या होत्या. "काय वाचता?" हिने विचारले. त्या म्हणाल्या, "बसा, ऐका." आणि बोटे फिरवू लागल्या. योगायोग म्हणा हवे तर, ती विहिरीवरच्या बाईचीच गोष्ट होती. ज्या जातीच्या हातचे पाणी कोणी घेत नाही तिच्याकडे तो पाणी मागतो. तिचे सारे आयुष्य त्याला ठाऊक आहे, तरी तो उठून जात नाही. शेवटी ती घागर तेथेच टाकून गावात सांगत सुटते. वाचून झाल्यावर बाईंनी पुस्तक मिटले, शेजारच्या थरथरत्या हातांच्या आजीचा कप चाचपून उचलला आणि तिला घोट घोट चहा पाजू लागल्या. वाचन आणि चहा यांच्यामध्ये एक क्षणही गेला नाही.

मला एकदम आत्याआजी आठवली. मी लहानपणी धडा वाचून दाखवला की ती 'शाबास' म्हणत नसे. म्हणे, "वाचलंस? मग आता त्यातलं करणार काय?" वाड्यातल्या बायकांची पत्रे ती लिहून देई, मोलकरणीच्या मुलीला जात्यापाशी बसवून पिठात बोटाने अक्षरे गिरवायला लावी. हे ती कोठे शिकली, असे आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही.

मी त्या बाईंना सारे सांगून टाकले. सदनातून काढून नेल्याचे, केशवपनाचे, आमच्या 'वाचवण्या'चे. त्यांनी ऐकून घेतले. 'झाले ते झाले' असे म्हणाल्या नाहीत, दोषही दिला नाही. एवढेच विचारले, "नाव काय हो त्यांचं?"

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो. मला आत्याआजीचे नाव ठाऊक नव्हते.

माझ्या वडिलांची ती आत्या, आमची आत्याआजी, बाहेरच्यांची 'त्यांच्याकडची सोवळी बाई'. सत्तर वर्षे आमच्या घरात राबलेल्या माणसाला नाव असेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. कितीतरी पुस्तकांतली विशेषनामे मी तपासून शुद्ध केली, घरातले एक गाळले ते कळलेदेखील नाही.

"असू दे, काका," बाई म्हणाल्या. "आज प्रार्थनेत आत्या म्हणूनच नाव घेते. त्याला कळेल."

संध्याकाळी आम्ही बेटावर गेलो. हिने दत्ताला हार-नारळ वाहिला. मी हात जोडले, पण काय मागावे ते सुचेना. परतीच्या गाडीत ही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "अहो, नाशिकच्या ताईंना विचारा ना. त्यांना माहीत असेल."

माझी ती चुलत बहीण नव्वदीच्या घरात आहे. दुसऱ्या दिवशी फोन केला. तिला आठवायला वेळ लागला, पण आठवले. ते नाव मी येथे छापीत नाही. ते ज्यांनी विचारले होते, त्यांना पत्र लिहून कळवले आहे. पत्र पोस्टात टाकण्यापूर्वी ते दोनदा तपासले. नावात चूक राहायला नको होती.