वीस टँकर पाणी

आमचा नातू या शाळेत आठवीत आहे. "आजी-आजोबांनी आपल्या छंदाविषयी लिहून द्यावे," असा त्याच्या बाईंचा निरोप आला, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. छंद म्हणावा असा एकच, संगणकावर प्रोग्रॅम लिहिण्याचा. आणि तो लागला डायलिसिसच्या पलंगावर. तेव्हा नातवाच्याच भाषेत, आजी आणि आजोबा म्हणूनच सांगतो.

आजीच्या किडन्या काम करीत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस, दर वेळी चार तास ती मशीनला जोडलेली असते. किडन्या थकल्या की प्यायलेले पाणी बाहेर न जाता अंगातच साठत जाते. म्हणून डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरची मर्यादा घातली आहे. त्यात चहा आला, ताक आले, आमटी आली, तोंडात धरलेला बर्फाचा खडासुद्धा आला. इंदूरच्या उन्हाळ्यात एक लिटर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पहाटे अडीच वाजता आजीला धाप लागली. आडवे होताच येईना. फुफ्फुसांत पाणी साठले होते. त्या रात्रीनंतर आजोबांनी वही घातली. आजीने पेला उचलला की यांचे "किती?" सुरू. एके दिवशी आजीने वही माळ्यावर फेकली आणि म्हणाली, "आजार परवडला, हा पहारा नको!" आठवडाभर घरात अबोला होता.

त्या आठवड्यात नातवाने आपले पायथनचे पुस्तक आणून ठेवले. "आजी, हिशेब संगणकाला ठेवू दे ना. तो ओरडत नाही."

पायथन ही संगणकाची भाषा. आजीच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे धमनी आणि शीर जोडून सुयांसाठी जागा केली आहे. डायलिसिस चालू असताना तो हात हलवायचा नाही. म्हणून टाइप करायचे फक्त उजव्या हाताने, आणि पुस्तक धरायचे आजोबांनी. या भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागासुद्धा मोजून सोडावी लागते. ती चुकली की प्रोग्रॅम अडतो. पोरांच्या वहीत समासावरून लाल रेघा मारणाऱ्या आजोबांना हे भारी आवडले.

पहिला प्रोग्रॅम तयार झाला. आजीने सकाळपासूनचे आकडे भरले: २००, १५०, १००. बेरीज आली २००१५०१००! म्हणजे वीस कोटी मिलिलिटरच्या वर. दहा हजार लिटरचे वीस टँकर आजी जेवणाआधीच प्यायली होती. शेजारच्या पलंगावरचे काकासुद्धा हसले. आजीचे हसणे आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकले. चूक शोधायला दोन दिवस गेले. आपण भरलेला आकडा पायथन आधी अक्षरे म्हणून घेतो आणि अक्षरे एकापुढे एक चिकटवतो. "हा आकडा समज" असे त्याला सांगावे लागते.

इथे मराठी शाळेच्या मुलांसाठी एक गंमत. पायथन ३ मध्ये खणाला 'पाणी' किंवा 'वजन' असे देवनागरी नाव देता येते. आजीने भरलेले '२००'सुद्धा ते निमूट २०० म्हणून घेते. मात्र प्रोग्रॅमच्या ओळीत थेट लिहायचा आकडा इंग्रजीच लागतो. करून बघा.

सगळेच दिवस असे जात नाहीत. कधी रक्तदाब उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि लॅपटॉप पिशवीतून निघतच नाही. तेव्हा आजोबा नुसते पाय चेपतात.

पुढे आम्ही 'फरक' नावाचा खण केला. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा दोन डायलिसिसच्या मधली नोंद आणि वाढलेले वजन ताडून बघायचे. घामाचा आणि अन्नातल्या पाण्याचा हिशेब त्यात नसतो, म्हणून हा नुसता इशारा समजा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मशीनने किती पाणी काढायचे ते तेच ठरवतात.

यंदा रंगपंचमीला आम्ही राजवाड्याजवळ नातेवाइकांच्या गच्चीवरून गेर पाहिली. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी वजन भरले, तर फरक नेहमीपेक्षा अर्धा किलो जास्त. आजोबांनी पडद्याकडे पाहिले आणि चष्मा पुसत बसले. एक शब्द बोलले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. थोड्या वेळाने आजीने स्वतःच लॅपटॉप जवळ ओढला आणि लिहू लागली, 'ठंडाई, ४००'.

प्रोग्रॅमने नोंद आजच्या तारखेला टाकली. मागच्या तारखेची नोंद घ्यायची सोय आम्ही केलीच नव्हती. ते चार तास आम्ही ती लिहीत बसलो.